राहत्या घरातली चोरी

आक्कानं स्वतःच्या पोराला हाताला धरून पोलीस चौकीत नेलं, तेव्हा तिची समजूत अशी होती की दिवेलागणीला त्याला परत घेऊन यायचं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, तुळजाबाई. धायरीत आमची दोघींची घरं एकाच अंगणात आहेत. शेत बिल्डरकडे गेलं, दीर गेले, आणि राहिलेल्या तुकड्यावर आक्कानं ओळीनं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. मुलगा एकच, सूरज. डिप्लोमा झालेला, हुशार, आणि हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसा बायपासवरून जाताना बघून बघून आतून सुकत चाललेला.

आमचे सासरे गेनबा गावचे पोलीस पाटील होते. कुणाच्या पोरानं शेंगा उपटल्या, कुणाची कोंबडी गायब झाली, की आईबापच पोराला आमच्या ओसरीवर आणून सोडायचे. सासरे त्याला दिवसभर बसवायचे, ज्याचं नुकसान झालं त्याला बोलवायचे, भरपाई ठरवायचे आणि अंधार पडायच्या आत पोराला घरी धाडायचे. नंतर कुणी तो विषय काढला तर त्यालाच बोलणी बसायची. "मिटलंय ते. उकरायचंच आसंल तर तुजं परडं उकर." हे सगळं फार न्यायाचं होतं असं मी म्हणणार नाही. मोठ्या घरचं पोर सावलीला बसायचं आणि चहा प्यायचं, दुसरं उन्हात बसायचं. नवी नवरी होते तरी मला डोळे होते. पण आक्काला कायदा म्हणून जो काही माहीत होता तो एवढाच. गाव महापालिकेत गेलं, पोलीस पाटलाचं पद गेलं. आक्काच्या डोक्यातल्या ओसरीवरून मात्र सासरे उठले नव्हते.

तर माळ गेली. आक्काची मोहनमाळ, सासूबाईंनी घातलेली. कपाटाला कुलूप होतं, किल्ली देवघरात होती, आणि ही गोष्ट घरातल्यांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होती: शेजारच्या खोलीतल्या हिराबाई ओव्हाळांना. आक्का पडली होती तेव्हा तिच्या औषधाचे पैसे कपाटातून काढून देणाऱ्या त्याच. हिराबाई स्वारगेटच्या बस डेपोत कारकून होत्या. नवरा नाही, मुलगी निकिता कॉलेजात. बौद्ध घर, त्यामुळे त्यांना खोली देताना भावकीनं आक्काला चार शब्द ऐकवले होते आणि आक्कानं भावकीला आठ. दोघी संध्याकाळी पायरीवर बसून लसूण सोलायच्या. एकमेकींना 'अहो हिराबाई', 'अहो आक्का' म्हणायच्या, पण भाजी एकमेकींच्या कढईतली न विचारता घ्यायच्या.

माळ गेली त्या आठवड्यात मी भोरला माहेरी होते. पुढचं मला नंतर कळलं. भावकीतल्या बायका जमल्या. "आदीच सांगितलं हुतं" हे वाक्य प्रत्येकीनं एकदा तरी म्हटलं. हिराबाई कामावर, निकिता कॉलेजात. आक्काकडे प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली असे. तिनं ती लावली. डबे उघडले, गादी उलटली, पातळांच्या घड्या मोडल्या. बुद्धाची तसबीर खिळ्यावरून उतरवून तिच्या पाठीमागंही पाहिलं. काही सापडलं नाही. मग सगळं जिथल्या तिथं ठेवलं. पण दुसऱ्याची घडी आपल्या हातून तशीच्या तशी पडत नाही. हिराबाई घरी आल्या, त्यांनी पाहिलं, आणि कुणालाही काही विचारलं नाही. पुढच्याच रविवारी टेम्पो बोलावून त्या गेल्या. मी भोरहून आले तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि आक्का म्हणत होती, "कर न्हाई त्याला डर कशाला? गेलीच का?"

आक्का स्वतःशीच बोलत होती, हे दिसत होतं.

दोनेक महिन्यांनी सूरजनं स्वतः येऊन आईला सांगितलं. माळ त्यानं नेली होती. शहरातल्या कुठल्याशा कन्सल्टन्सीनं हिंजवडीत मागच्या दारानं नोकरी लावून देतो म्हणून पोरांकडून अनामत घेतली होती. माळ एका सोनारानं वितळवली, पैसे कन्सल्टन्सीनं गिळले, आणि एका सकाळी त्या ऑफिसच्या जागी नुसत्या खुर्च्या राहिल्या. सूरज रडला. आक्कानं त्याला पाठीवर थोपटलं. इथपर्यंत गोष्ट आईच्या आणि लेकाच्या मधली होती. पुढं तो म्हणाला, "आता कुणाला सांगू नको ना आई. तसंही हिराबाई गेल्यात. टॉपिक क्लोज झालाय."

आक्काचा हात तिथं थांबला.

सकाळी ती माझ्या दारात आली. नेसलेलं चांगलं पातळ, पाठीमागं सूरज, मान खाली. "सोजर, चल. चौकीत जायाचंय. ह्येला आज तितं बसवायचा. हिराबाईला बोलवून घ्यायचं. समद्यांसमोर कळू दे माळ कुनी नेली त्ये."

"आक्का, पोलीस म्हणजे मामंजी नव्हेत."

"पोलीस म्हंजे पोलीस. त्यांचं कामच हाय ते."

चौकीतले फौजदार तरुण होते, लातूरकडचे असावेत. त्यांनी आक्काला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि लिहूनही घेतलं. दुपारनंतर सूरजला आतल्या खोलीत नेलं. आक्का बाकावर बसून राहिली. ऊन उतरलं तशी उठली आणि टेबलाजवळ गेली.

"साहेब, हिराबाईला निरोप धाडला का? आन ह्येला नेऊ ना आता?"

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "आजी, गुन्हा दाखल झालाय. राहत्या घरात चोरी. दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. मी त्याला सोडू शकत नाही. उद्या शिवाजीनगर कोर्टात हजर करतो, तिथं वकील लावा."

"पन मीच तर आनला त्याला."

"म्हणूनच दाखल झाला ना. नाहीतर मला कसं कळणार होतं?"

"मग मी मागं घेते. तक्रार माझी हाय, माळ माझी हाय, पोरगं बी माझंच हाय."

"आता खटला तुमचा राहिला नाही, सरकारचा झाला," फौजदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हे सांगताना तो आमच्याकडे बघत नव्हता. जरा वेळानं म्हणाला, "आणि त्या बाईंना कशाला बोलावू? त्यांचा यात काही संबंध नाही."

अंगणात आल्यावर आक्का पायरीवर बसली आणि म्हणाली, "संबंद न्हाई म्हनं."

जामीन झाला. वैजनाथ मोरे म्हणून वकील आम्हाला कुणीतरी सुचवले, ते चांगले निघाले. कोर्टाबाहेरच्या त्यांच्या टेबलाशी बसून त्यांनी आम्हाला गुन्ह्यांची जात-कुळी समजावून सांगितली. काही गुन्ह्यांत पोलीस आपणहून हात घालू शकतात, काहींत नुसती नोंद करून हात झाडतात. काहींत जामीन हक्कानं मिळतो, काहींत मागावा लागतो. काही दोन माणसांना आपापसांत मिटवता येतात, काही नाही.

"ह्यो मिटवायचा हाय," आक्का म्हणाली.

"हा मिटत नाही. गंमत बघा तुळजाबाई, त्यानं रस्त्यावर कुणाचं काही उचललं असतं ना, तर ज्याचं गेलं तो मिटवू शकला असता. राहत्या घरातली चोरी कायदा मोठी धरतो. ती फिर्यादीला मागं घेता येत नाही. मुंबईला हायकोर्टात जाऊन खटपट करता येते, पण ते लांबचं काम."

"मोटी धरतो?"

"मोठी. घर म्हणजे विश्वासाची जागा."

"मग बरोबरच हाय कायदा," आक्का म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. वैजनाथ वकील माझ्याकडे बघायला लागले. अशील नक्की कुणाच्या बाजूचं आहे, हे त्यांना त्या दिवसापासून कधीच नीट कळलं नसावं.

मी त्यांना एक विचारून घेतलं. म्हटलं, वकीलसाहेब, आपण केलेल्याचा आळ दुसऱ्यावर येऊ दिला आणि गप्प बसलं, तर त्याला कुठलं कलम?

"वहिनी," ते म्हणाले, "गप्प बसण्याला कलम लावायचं ठरवलं तर येरवड्याला जागा पुरायची नाही."

मध्ये तीन वर्षं गेली. कन्सल्टन्सीनं बुडवलेल्या पोरांनी मिळून पोलिसांत अर्ज दिला होता. पोरं शेकड्यांनी होती, तरी तो अर्ज 'चौकशीवर'च राहिला. एका आईनं एका पोराला आणलं त्याचा गुन्हा एका दुपारीत दाखल झाला होता. सूरज या गोष्टीवर कडवट हसायचा, आणि त्याचं हसणं मला चुकीचं वाटायचं नाही. पण त्यानं हातपाय सोडले नाहीत. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला, रात्रंदिवस अभ्यास केला आणि समोरच्या दारानं, मुलाखती देऊन, हिंजवडीतल्या एका कंपनीत निवडला गेला. कंपनीची एकच अट होती: पोलीस पडताळणी स्वच्छ हवी. आणि नेमका तेव्हाच खटला सुनावणीला निघाला.

वैजनाथ वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं. "निर्दोष सुटला की प्रश्न संपला. आणि सुटू शकतो. माळ सापडलेली नाही, सोनार सापडलेला नाही. सरकारकडे पुरावा म्हणाल तर एकच आहे, तुळजाबाईंचं तोंड."

"म्या खोटं बोलनार न्हाई," आक्का म्हणाली. "देवाची शपथ घालत्यात म्हनं."

"खोटं बोलूच नका. माळ कुणी नेली हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"न्हाई."

"मग तेवढंच सांगा. बाकीचं मी विचारीन, त्याला नुसतं हो म्हणायचं. शेजारी भाडेकरू होत्या का? होत्या. किल्ली कुठं असते ते त्यांना माहीत होतं का? होतं. त्यांच्या खोलीची झडती घेतली का? घेतली. सगळं खरं आहे की नाही?"

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हंजे हिराबाईचं नाव पुन्ना घ्यायचं."

"नावाचा काही त्रास होणार नाही त्यांना. त्यांच्यावर कुणी खटला भरणार नाही. फक्त कोर्टाच्या मनात शंका राहील, आणि शंकेचा फायदा आरोपीला मिळतो."

"आई, प्लीज," सूरज म्हणाला. "एकदाच. मी काय मागितलंय तुझ्याकडं आजपर्यंत? माझी लाइफ आहे ही." पंचवीस-सव्वीसचा पोरगा, दाढी वाढलेला. त्या घडीला तो मला पाळण्यातला दिसला. आक्काला कसा दिसला असेल ते मी कशाला सांगू?

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती जेवली नाही. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, "सोजर, तू माज्या जागी आसतीस तर?"

"मी हो म्हटलं असतं," मी म्हणाले. मला मुलगी आहे, तिच्यासाठी मी हो म्हटलं असतं. हे खरं होतं आणि तिला खरं तेच ऐकायचं होतं.

"हां," ती म्हणाली. "समद्याच म्हनतील."

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा. न्यायाधीश एक बाई होत्या, चष्म्यातून कागद बघणाऱ्या. आक्का पिंजऱ्यात चढली, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, माळ कुणी नेली? आक्का म्हणाली, "कपाटातनं गेली. कुनी नेली त्ये म्या डोळ्यांनी बगितलं न्हाई." सरकारी वकिलांनी तक्रारीतली सही दाखवली, "तुमचीच ना?" ती म्हणाली, "माजीच." त्यांनी खोदून काही विचारलं नाही, त्यांच्यापुढं त्या दिवशी अशा बऱ्याच माळा असणार. ते बसले. मागच्या बाकावर सूरजनं श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

वैजनाथ वकील उठले. "तुमच्या शेजारच्या खोलीत हिराबाई ओव्हाळ नावाच्या भाडेकरू राहत होत्या?"

"व्हय."

"त्यांचं तुमच्या घरात येणं-जाणं होतं? कपाटाची किल्ली कुठं असते हे त्यांना माहीत होतं?"

"व्हय."

"माळ गेल्यावर तुम्ही स्वतः त्यांच्या खोलीची झडती घेतलीत?"

"व्हय."

"आणि त्यानंतर आठवडाभरात त्या घाईघाईनं खोली सोडून गेल्या?"

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "आजी, हो की नाही सांगा."

"त्या गेल्या न्हाईत," आक्का म्हणाली. "म्या घालवल्या."

वैजनाथ वकील म्हणाले, "एवढं पुरे आहे, मॅडम."

"पुरं न्हाई," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. अंगणातून माझ्याशी बोलते तसाच होता. "त्यांच्या खोलीत शिरले त्ये माजं चुकलं. माळ त्यांनी न्हाई नेली. माज्या सूरजनं नेली. त्यानं सवता मला सांगितलं, रडून सांगितलं. पोरगं वाईट न्हाई, बाई. त्याला फशिवलेलं हाय लोकांनी, त्यांना कुनी धरलं न्हाई. त्याला काय शिक्षा करायची ती करा, जरा कमी करा. पन त्या बाईचं नाव ह्येच्यात आनू नका. तेवड्यासाटीच म्या चौकीत गेले हुते."

न्यायाधीशबाईंनी टंकलेखकाला थांब म्हणून हात केला, मग स्वतः एकेक वाक्य सांगून लिहून घेतलं. आक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

बाहेर आल्यावर वैजनाथ वकील मला म्हणाले, "चूक माझीच. तिसऱ्या प्रश्नावर खाली बसायला हवं होतं." सूरज आमच्यासाठी थांबला नाही. तो कोर्टाच्या फाटकातून चालत बाहेर पडला, आणि आक्का त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

निकाल लागला. गुन्हा शाबित झाला. पण पहिलाच गुन्हा, वय लहान, म्हणून तुरुंग न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. वैजनाथ वकिलांनी सांगितलं, अशा सुटकेनं माणूस कायद्यानं नोकरीला अपात्र ठरत नाही. कंपनीनं कायद्याशी वाद घातला नाही. ती जागा आता भरायची नाही, एवढंच गोड इंग्रजीत कळवलं. सूरज धायरी फाट्यावर एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. हिराबाईंची रिकामी खोली त्यानं स्वतःकडं घेतली आणि आईशी बोलणं सोडलं. जेवणाचं ताट मी न्यायची, रिकामं ताट मीच आणायची. आक्का विचारायची, "खाल्लं का?" मी म्हणायची, खाल्लं. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

असं किती दिवस चाललं ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. एका सकाळी आक्का अंगण झाडत होती. सूरज खोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "हिराबाई अजून स्वारगेटलाच असतात का?"

आक्कानं केरसुणी भिंतीला टेकवली. "आसत्याल."

"जायचंय मला."

"मी येऊ?"

तो चपला घालायला लागला. आक्कानं तेच हो धरलं आणि मला हाक मारली.

डेपोत जेवणाची सुट्टी होती. हिराबाई कार्यालयाच्या मागच्या बाजूला, बसा धुतात तिथं पलीकडं एका बाकावर डबा उघडून बसल्या होत्या. केस पिकले होते. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत, पण डब्याचं झाकण लावलं.

"या आक्का. बसा."

आक्का बसली नाही. कोर्टात काय झालं ते तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, मधलं-अधलं गाळत, पुन्हा मागं जात. हिराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण आक्का, मी माळ घेतली नव्हती हे मला ठाऊकच होतं. त्यासाठी मला कोर्टाची गरज नव्हती. तुम्ही मला विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. थेट उघडून बघितलंत."

"तुमी माज्यावर केस करायची हुती, हिराबाई. कायदा हुता तुमच्याकडं. मला आता समद्या कलमांची नावं कळली हाईत."

"होता ना. निकिताची परीक्षा तोंडावर होती. चौकीत बसायचं का पोरीला डबा करून द्यायचा?" त्यांनी डबा बाजूला सरकवला. "बँकेत लागली ती. परवाच पहिला पगार झाला."

"लई ब्येस झालं," आक्का म्हणाली. ती हात जोडायला लागली तशा हिराबाई म्हणाल्या, "असू दे. तुम्ही बोललात तुमचं." आणि त्यांनी सूरजकडे पाहिलं.

सूरज आमच्या मागं उभा होता. डेपोत एक बस मागं घेत होते, कंडक्टर पत्र्यावर थाप मारत होता. तो आवाज थांबेपर्यंत सूरज थांबला.

"तुम्ही सामान भरत होता त्या रविवारी," तो म्हणाला, "टेम्पोची दोरी मी बांधली. मला माहीत होतं तेव्हा. माळ मीच विकली होती. माहीत असून बांधली. आईला हे मी सांगितलेलं नाही. कोर्टातपण कुणी विचारलं नाही."

आक्कानं वळून त्याच्याकडे पाहिलं. हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

हिराबाईंनी डबा पिशवीत घातला, पिशवीचे बंद ओढले.

"आठवतं मला," त्या म्हणाल्या. "अंगणातलं दुसरं कुणी दाराबाहेर आलं नव्हतं. निकिता वाटेत म्हणाली, आई, सूरजदादा तरी आला. घरी पोचल्यावर दोरी सुटेना, कापावी लागली. तू फार घट्ट बांधली होतीस."

सुट्टी संपत आली होती. त्या उठून आपल्या खिडकीकडे गेल्या. सूरज त्यांच्या मागं दोन पावलं गेला आणि तिथंच उभा राहिला. आक्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.